दंतकथा नव्हे, दातांची कथा! रत्नागिरी स्टाइल इको-स्माइल

सकाळी उठल्या उठल्या हातात येतो मोबाइल, आणि त्याच्या मागोमाग टूथब्रश. मोबाइलची रॅम, कॅमेरा, बॅटरी सगळं तोंडपाठ! पण ब्रश कशाचा बनलाय? पेस्टमध्ये काय काय आहे? रिकामी ट्यूब जाते कुठे? इथे आपलं नेटवर्क एकदम गायब.

चला, रेंज पकडू या! हापूस, तिरफळ, खैर, म्हाकूळ, बांबू आणि भाताचं तूस, ही सगळी मंडळी आज आपल्याला दात घासायला शिकवणार आहेत. लोकेशन रत्नागिरी. तोंड उघडा, म्हणा ‘आऽऽ’, आणि सुटा!

ब्रशची कोकण रेल्वे

आधी जरा पाढे म्हणू या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,१५,०६९. दंतवैद्य सांगतात, साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदला. समजा, अख्ख्या जिल्ह्यानं हे ऐकलं, तर वर्षाला ब्रश लागतील सुमारे ६४ लाख ६० हजार!

एका ब्रशची लांबी १७ सेंटिमीटर धरा आणि ते एकापुढे एक मांडत सुटा. रांग होईल जवळजवळ १,१०० किलोमीटरची. रोहा ते ठोकूर ही कोकण रेल्वे आहे ७४१ किलोमीटरची. म्हणजे अख्खा मार्ग ब्रशनं भरूनही साडेतीनशे किलोमीटरचे ब्रश शिल्लक!

आणि वजन? एक ब्रश १५ ग्रॅमचा धरला तरी वर्षाला ९७ टनांच्या आसपास. एका जिल्ह्याचा एवढा पसारा. आता कळलं ना, ब्रश हा विषय ‘बारीक’ का नाही ते?

हॅपी बर्थडे, नायलॉन!

माहीत आहे का, नायलॉनच्या केसांचा पहिला टूथब्रश बाजारात आला तो २४ फेब्रुवारी १९३८ रोजी? अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचं नायलॉन आणि ब्रशचं नाव ‘डॉ. वेस्ट्स मिरॅकल टफ्ट’.

त्याआधी ब्रशला केस असायचे चक्क डुकराचे! ही आयडिया चिनी. नायलॉन आलं आणि डुकरं सुटली, पण समुद्र अडकला. कारण नायलॉन कुजत नाही, नुसतं बारीक बारीक होत जातं.

वेळासचे पाहुणे

मंडणगड तालुक्यातलं वेळास ऐकलंय ना? ऑलिव्ह रिडले कासवांचं माहेर! चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं इथली घरटी राखली. चिमुकली पिल्लं वाळूवरून समुद्राकडे धावताना बघायला आज लांबलांबून लोक येतात.

त्याच कोकण किनाऱ्यावर भरतीबरोबर काय काय येतं? चपला, बाटल्या, झाकणं आणि टूथब्रश. ज्या वाटेनं पिल्लू जातं त्या वाटेत आपला जुना ब्रश नको. एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

आंब्याच्या पानाची सुरळी

रत्नागिरी म्हटलं की हापूस. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय टॅग मिळाला. फळाचे लाड जगभर! आणि पानाचे?

माहीत आहे का, कोकण-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आंब्याच्या पानानं दात घासले गेलेत? पान धुवायचं, घट्ट सुरळी करायची, तिनं दात चोळायचे आणि मग मधली शीर चिरून तिनं जीभ खरवडायची. टू इन वन! पॅकिंग शून्य, डिलिव्हरी चार्जेस शून्य.

फक्त एक सावधान! आंब्याच्या चिकानं काहींचं तोंड उततं. ज्यांना कैरीचा चीक बाधतो, त्यांनी पानाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

बारा अंगुळं आणि करंगळी

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात दातवणाचं पूर्ण स्पेसिफिकेशन दिलेलं आहे! लांबी बारा अंगुळं. जाडी करंगळीच्या टोकाएवढी. काडी सरळ हवी. चव तुरट, तिखट किंवा कडू. लाकूड रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांचं.

आणि हो, कुणी वापरू नये याचीही यादी तयार. अजीर्ण, उलटी, ताप, खोकला, तोंड आलेलं असेल तर दातवण नको. म्हणजे त्या काळातही ‘कंडिशन्स अप्लाय’ होतंच!

चवीचे चॅम्पियन

सुश्रुतानं तर दातवणांना थेट अवॉर्ड्स वाटलेत. कडू गटात पहिला नंबर कडुलिंबाचा. तुरट गटात खैर. तिखट गटात करंज. गोड गटात मोह.

कोकणकरांनो, कॉलर टाइट करा! चारपैकी दोन विजेते, खैर आणि करंज, आपल्या घरचे. चिपळूण-सावर्डे पट्ट्यात खैराच्या लाकडापासून कात बनतो, तोच विड्यातला कात. त्यातलं टॅनिन तुरट असतं आणि हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, म्हणून खैर दंतमंजनाच्या कितीतरी पाककृतींत सापडतो. फक्त त्यासाठी विडा-सुपारी चघळत बसू नका. सुपारी कॅन्सरला कारण ठरते, हे सिद्ध झालेलं आहे.

दातवणाचा डेमो

कधी दातवण करून पाहिलंय का? ताजी, हिरवी काडी घ्या. एक टोक दाताखाली धरून सावकाश चावा. आधी साल सुटते, मग लाकडाचे धागे मोकळे होतात आणि टोकाला छान मऊ कुंचला तयार होतो. तो एकेका दातावरून वरून खाली फिरवायचा, हिरडीवर दाब न देता.

काम झालं की काडी मधोमध चिरायची. झाला टंग क्लीनर! मग कुंचला कापून टाका आणि उरलेली काडी झाडाच्या बुंध्याशी. पावसाळ्यात तिची माती होईल. ब्रश, क्लीनर आणि खत एकाच काडीत!

खाडीकाठचा मिसवाक

अरबस्तानात फेमस असलेला मिसवाक म्हणजे पिलूच्या झाडाची काडी किंवा मूळ. माहीत आहे का, हे झाड आपल्या कोकणातल्या खाडीकाठीही, कांदळवनाच्या कडेला वाढतं? खारं पाणी, खारी माती, याला सगळं चालतं.

पण कांदळवनाला हात लावायचा नाही, तिथे कायद्याचा पहारा आहे. ही माहिती ‘बघा आणि कौतुक करा’ एवढ्यासाठीच!

मुंबईचे तीन भाऊ

प्रॉमिस, बबूल आणि मेसवाक. लवंगतेल, बाभूळ आणि पिलू. तिन्ही पेस्ट एकाच घरातल्या, मुंबईच्या बलसारा कंपनीच्या! २००५ साली डाबरनं बलसाराचे हे ब्रँड घेतले आणि सौदा झाला १४३ कोटी रुपयांचा. काडी मिळते फुकट, काडीच्या नावाला मात्र कोटींचा भाव!

कुंपणावरचा सेलिब्रिटी

वज्रदंती हे नाव ऐकताच कानात जाहिरात वाजली ना? पण ती वनस्पती तुम्ही रोज पाहता! पिवळ्या फुलांची, काटेरी, कुंपणाला लावतात ती कोरांटी म्हणजेच वज्रदंती. अबोलीची चुलत बहीण, दोघी एकाच कुळातल्या.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको कंपनी सुरू केली. वज्रदंती आधी पावडर म्हणून आली, पेस्ट नंतर. डोंबिवलीचं के. व्ही. पेंढरकर कॉलेज माहीत आहे? ते यांच्याच नावाचं!

मंजन हाजिर हो!

दंतमंजन हे औषध की सौंदर्यप्रसाधन? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, कारण दोन्हींवरच्या करात फरक!

वज्रदंतीचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, ते आयुर्वेदिक औषध ठरलं. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या खटल्यात मात्र १९९० च्या दशकात न्यायालयानं म्हटलं की सामान्य माणूस हे रोजचं मंजन म्हणून वापरतो, औषध म्हणून नव्हे. एकाला ‘औषध’, दुसऱ्याला ‘मंजन’. तेव्हा खोक्यावरचा ‘आयुर्वेदिक’ हा एकच शब्द वाचून थांबू नका, पुढची घटकांची यादीही वाचा.

भाताच्या तुसातला खजिना

राखुंडी आठवते? गोवरीची किंवा तुसाची राख, त्यात मीठ, तुरटी, कधी कापूर. आजीची पेटंट पावडर!

आता ऐका गंमत. भाताच्या तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. आणि आजच्या पेस्टमध्ये दात घासणारा मुख्य घटक कोणता? बहुतेकदा हायड्रेटेड सिलिका! घटक भाऊ-भाऊ, फरक दाण्यात. कारखान्यातली सिलिका मोजूनमापून बारीक आणि मऊ केलेली असते. चुलीतली राख भरड, कधी कधी वाळूमिश्रित. रोज ती चोळली तर दाताचं कवच झिजतं, आणि शरीरातला हा सगळ्यात कठीण भाग पुन्हा उगवत नाही. राखुंडीला सलाम करू या, भांडी तिच्याकडे देऊ या!

करवंटीचं रॉकेट

‘अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल’! काळी पेस्ट, काळं पॅक, भाव एकदम गोरा. हा चारकोल बऱ्याचदा येतो कुठून, माहीत आहे का? नारळाच्या करवंटीपासून!

पण थांबा, काळ्या फेसानं दात पांढरे शुभ्र होतात याचा भक्कम पुरावा नाही, आणि रोजच्या वापरानं दात झिजण्याचा धोका आहे, असं दंतवैद्यक तज्ज्ञ सांगतात. करवंटी बंबात शोभते, डाव करायलाही शोभते. दातांवर रोज नको.

समुद्रफेसाची सरप्राइज एन्ट्री

भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर फिरताना पांढरी, हलकी, होडीसारखी चपटी वस्तू सापडलीय का? तो समुद्रफेस. फेस नव्हेच तो! ते आहे म्हाकुळाच्या जातीतल्या कटलफिशचं अंतर्कवच, कॅल्शियम कार्बोनेटचं बनलेलं.

जुन्या दंतमंजनांत हा समुद्रफेस कुटून घालत. आजच्या कितीतरी पेस्टमध्येही कॅल्शियम कार्बोनेट असतंच, फक्त ते येतं खडकातून. शाकाहारी मंडळी दचकली का? मग पुढचा मुद्दा तुमच्यासाठीच!

हिरवा ठिपका, हिरवी पट्टी

पेस्टच्या खोक्यावर हिरवा ठिपका दिसतो? तो शाकाहारी असल्याची खूण. ग्लिसरीन किंवा कॅल्शियम फॉस्फेट प्राण्यांपासूनही मिळू शकतं, म्हणून ठिपका बघणं कामाचं.

आणि ट्यूबच्या शेपटाला असलेली रंगीत पट्टी? हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे केमिकल, असा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. डिलीट करा! ती खूण असते मशीनसाठी. सेन्सरला कळावं की ट्यूब कुठे कापायची आणि कुठे सील करायची. रंगाचा पेस्टच्या पोटाशी काडीचाही संबंध नाही.

तिरफळ, तोंडातला करंट

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं नाही तर मजा नाही! काळं बी काढून टाकायचं, वरचं टरफल जरासं ठेचून घालायचं. चुकून दाताखाली आलं की जीभ झिणझिणते, बधिर होते. करंट!

माहीत आहे का, याच तिरफळाच्या जातकुळीतलं एक झाड उत्तर अमेरिकेत ‘टूथएक ट्री’ म्हणून ओळखलं जातं? तिथले मूळ रहिवासी दात दुखला की त्याची साल चघळत. चीनचा प्रसिद्ध सिचुआन पेपर हाही याच कुळातला भाऊ. आणि आपल्याकडच्या काही आयुर्वेदिक पेस्टमध्ये ‘तोमर’ नावाचा घटक असतो, तोही याच घराण्यातला!

बोनस : पिवळ्या गोंड्याचं अक्कलकाढ्याचं फूल. चघळलं की तोंडात शॉर्टसर्किट!

लाखी बाग, लवंगी दात

रत्नागिरीजवळ भाट्ये इथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. त्यांची ‘लाखी बाग’ म्हणजे नारळाच्या सावलीत मसाल्यांची पार्टी! दालचिनी, जायफळ, मिरी, लवंग एकाच बागेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ अशा खास जातीही दिल्यात.

लवंगतेलातलं युजेनॉल हे दंतवैद्याचं जुनं मित्रद्रव्य. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल मिसळून दातांत तात्पुरतं सिमेंट भरतात. दवाखान्यात शिरताच येणारा तो टिपिकल वास ओळखीचा आहे ना? तोच तो!

मात्र लवंगतेल निर्भेळ हिरडीवर थापू नका, भाजतं. आणि ते दुखणं दाबतं, कीड थांबवत नाही. दात ठणकला तर लवंग दाबून धरा आणि अपॉइंटमेंट घ्या.

हापूसचा पचका

दात घासल्या घासल्या हापूस खाल्लात? अरेरे! चव बिघडलीच. यामागचा खलनायक आहे एसएलएस, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. पेस्टचा फेस होतो तो याच्यामुळे. हा जिभेवरची गोडाची जाणीव थोडा वेळ दाबतो आणि कडवटपणा उठून दिसतो.

आता ट्विस्ट! एसएलएस बनवायला बऱ्याचदा नारळाचं किंवा पामचं तेल वापरतात. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं ना, तोच कच्चा माल. म्हणजे एका कोकणी नारळाचा भाऊबंदच एका कोकणी आंब्याची मजा घालवतो! ज्यांना एसएलएसनं तोंड येतं त्यांनी ‘एसएलएस फ्री’ पेस्ट शोधावी. फेस कमी होतो, सफाई नाही.

सोलकढी प्या, ब्रशला थांबवा

कोकम, कैरी, लिंबू, आवळा. आंबट शौकिनांनो, ऐका! आंबट खाल्ल्यावर दाताचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. लगेच ब्रश मारलात तर तेच घासलं जातं. आधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, अर्धा तास थांबा, मग ब्रश. सोलकढीही जिंकली, दातही जिंकले!

मिठाचा मान

पेस्टमध्ये मीठ आहे का, असं जाहिराती हल्ली कौतुकानं विचारतात. रत्नागिरीकरांचं मिठाशी नातं त्याहून जुनं आणि जाज्वल्य! मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हा शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला.

कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, हा सुजलेल्या हिरड्यांसाठीचा सगळ्यात स्वस्त दिलासा आजही दंतवैद्य सांगतात. खडा मीठ दातांवर घासणं मात्र नको, खरखरीत आहे ते.

नैसर्गिक? मग आधी हे वाचा!

प्राचीन रोममध्ये दात चमकवण्यासाठी काय वापरल्याचे उल्लेख आहेत, माहीत आहे का? लघवी! त्यातल्या अमोनियामुळे डाग निघत म्हणे. शंभर टक्के नैसर्गिक, शंभर टक्के केमिकल-फ्री! घेणार का? नाही ना? मुद्दा पोचला.

आता सिरीयस : मशेरी

इथे जोक बंद. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची, डबीत भरायची. घरभर ठसका. कोकणात आणि महाराष्ट्रभर किती आया-आज्यांच्या सकाळी या डबीनं सुरू झाल्या! ती घरची, झाडाची, बिनकारखान्याची. म्हणून ती निरुपद्रवी वाटते.

तसं मुळीच नाही. धूर नसलेला तंबाखूही कॅन्सरकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात ठेवलंय. भारत सरकारनं १९९२ मध्येच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कायदा पोचत नाही, तिथे घरच्या माणसांनीच पोचायला हवं.

घरात कुणी मशेरी लावत असेल तर रागावू नका, सोबत बसा. तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे : १८००-११-२३५६. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर थेट डॉक्टर.

फ्लोराइड : व्हिलन की हिरो?

‘नॅचरल’ पेस्टच्या पॅकवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘फ्लोराइड फ्री’. टाळ्या वाजवायच्या? थांबा जरा!

फ्लोराइड हेही निसर्गातलंच आहे, खडकात, पाण्यात आणि आपल्या लाडक्या चहातसुद्धा. दातांची कीड रोखण्यात त्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १,००० पीपीएम ठरवलेली आहे.

पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जादा आहे, तिथे गणित बदलतं. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर लाट असते ना? ती फक्त फोटोसाठी!

बांबू की बात

आता बांबूचा ब्रश! माहीत आहे का, बांबू हे गवत आहे, आणि तरीही भारतीय वन कायद्यात तो दीर्घकाळ ‘झाड’ होता? २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू या व्याख्येतून बाहेर काढला आणि शेतकऱ्यांची तोडणी-वाहतुकीची कटकट सुटली.

दक्षिण कोकणात माणगा जातीचा बांबू होतो. बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव! कुडाळला ‘कॉनबॅक’ ही बांबूवर काम करणारी संस्था २००४ पासून आहे. फर्निचरपासून घरापर्यंत बांबूचं काय काय होतं ते बघायचं तर तिथे जावं.

आता चष्मा लावून वाचा. बहुतेक बांबू ब्रशचा दांडाच तेवढा बांबूचा असतो, केस नायलॉनचेच! एरंडेल तेलापासून केलेले ‘प्लांट-बेस्ड’ केसही असतात, पण वनस्पतीपासून बनले म्हणजे कुजतीलच असं नाही. म्हणून ब्रश टाकताना पकडीनं केस उपटा, ते सुक्या कचऱ्यात द्या आणि दांडा मातीत.

बुरशीचा बंदोबस्त

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस! जुलैत पापड सादळतात, चपलांना बुरशी येते, मग बांबूचा ब्रश कसा सुटेल? उपाय सोपा. वापरून झाल्यावर झटका, पुसा आणि उभा ठेवा, केस वर. बंद डबीत किंवा तळाशी पाणी साचणाऱ्या ग्लासात ठेवू नका. चार दिवस ऊन पडलं की खिडकीत सनबाथ!

आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ दोन मिनिटं चालू राहिला तर बारा लिटर पाणी गेलं. तांब्या घ्या, नळ बंद करा. इको-फ्रेंडली होण्याची ही सगळ्यात सोपी स्कीम, एक रुपयाही न लागणारी.

ट्यूबची टूर

पिळायची ट्यूब आधी आली चित्रकारांसाठी, १८४१ मध्ये, रंग भरायला! टूथपेस्ट त्यात शिरली जवळजवळ पन्नास वर्षांनी. आणि आजच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या अव्वल कंपन्यांपैकी एक आहे मुंबईची, पूर्वीची एस्सेल प्रोपॅक, आताची ईपीएल.

लॅमिनेटेड ट्यूबमध्ये प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, म्हणून पुनर्वापर अवघड. एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, रिसायकल होणाऱ्या ट्यूबही आता आल्यात, पॅकवरची खूण बघा. काचेच्या बरणीतली पावडर आणि चघळायच्या टूथपेस्ट गोळ्या यांना तर ट्यूबच लागत नाही.

अंतराळवीरांची तर आणखी गंमत. नासानं त्यांच्यासाठी गिळता येणारी पेस्ट तयार केली होती, कारण तिथे चूळ टाकणार कुठे?

चरकाचा टंग क्लीनर

जीभ खरवडायच्या पट्टीसाठी चरकानं पाच पर्याय दिलेत : सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ. बजेटप्रमाणे निवडा! तांब्याची पट्टी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. काळी पडली तर कढीतलं उरलेलं आमसूल चोळा, लखलखीत.

ब्रशचं निवृत्तिवेतन

जुना प्लॅस्टिकचा ब्रश घरात आहेच? मग फेकायची घाई नको! परकराची नाडी ओवायला त्याच्या दांड्याच्या भोकाइतकं भारी हत्यार नाही. खवणीचे दाते, मिक्सरचं भांडं, कंगवा, टाइल्सच्या फटी, सगळीकडे तो ओव्हरटाइम करतो. आहे ते पूर्ण वापरणं, हे नवं ‘ग्रीन’ घेण्यापेक्षा केव्हाही हिरवं!

फटाफट चेकलिस्ट

ब्रश मऊ केसांचा, बांबूचा असेल तर केस कशाचे ते वाचून. पेस्ट घेताना घटकांची यादी, हिरवा ठिपका आणि फ्लोराइड, तिन्ही बघून. काळा कोळसा आणि भरड पावडर रोज नको. तंबाखू कोणत्याही रूपात, कधीच नको. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, नळ बंद. आणि वर्षातून एकदा दंतवैद्य, दात दुखत नसले तरी!

परसातलं ज्ञान आणि दवाखान्यातलं विज्ञान, दोघांची युती केली तर दातही टिकतात आणि किनाराही. तेव्हा मंडळी, उद्या सकाळी एकच काम करा. ब्रश तोंडात घालण्याआधी पेस्टचं खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. मग शेजारच्या काकूंना विचारा, ‘माहीत आहे का?’